डाबर बुजलं नाही

चाचा,

आज सकाळी नरडाण्याजवळच्या आमच्या जागेवर घरांच्या पहिल्या ओळीची आखणी झाली. बरडावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या, मिस्त्रीने नारळ फोडला, आणि मला तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की धुळ्यात तुमच्या हाताखाली काम केलेली माणसंही शोधावी लागतात. चाची गेल्या, मुलांनी घर विकून सुरत गाठली. तेव्हा हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं, हा प्रश्नच नाही. तरी लिहिते. धंद्यातलं बरंवाईट आधी तुम्हाला सांगायचं, ही सवय अजून सुटलेली नाही.

डिप्लोमा करून मी धुळ्यातल्या कंत्राटदारांकडे हिंडत होते, तेव्हा सगळे चहा पाजत आणि परत पाठवत. पोरगी साइटवर काय करणार, हे कोणी तोंडावर बोलत नसे, पण चहाच्या कपातून ते कळत असे. तुम्ही चहा विचारला नाहीत. मला सरळ विटांच्या ढिगापाशी नेलंत आणि म्हणालात, "यातल्या कच्च्या बाजूला काढ, बेटी. मी नमाज पढून येतो." तुम्ही परत आलात तेव्हा माझी ओढणी लाल झाली होती आणि कच्च्या विटांचा वेगळा ढीग लागला होता. तुम्ही दोनच विटा उचलून एकमेकींवर वाजवल्यात आणि उद्यापासून ये म्हणालात. घरी माझ्या वडिलांना हे पटवायला तुम्ही स्वतः आमच्या गावी आलात. ओसरीवर बसून कपाशीच्या भावाबद्दल तासभर बोललात आणि उठता उठता म्हणालात, "तुमची पोरगी माझ्या घरी जेवेल, माझ्या बायकोच्या नजरेसमोर." दुसऱ्या दिवशी वडिलांनीच मला एस्टीत बसवून दिलं.

जेवण तसंच झालं, चार वर्षं. तुमच्या स्वयंपाकघरात मोरीच्या बाजूला माझा पाट ठरलेला. चाचींनी माझ्यासाठी एक वेगळी कढई आणली होती आणि ती कधी दुसऱ्या कशाला वापरली नाही. हिवाळ्यात त्या भरताची वांगी निखाऱ्यावर भाजायच्या, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात. तुम्ही बाहेरच्या खोलीत जेवायचात आणि तिथूनच ओरडायचात, "तिला अजून एक वाढ, दुपारी स्लॅब आहे." एकदा पावसाळ्यात माझी चप्पल पाया खणलेल्या खड्ड्यातल्या चिखलात कायमची गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गमबूट घेऊन आलात, पुरुषी मापाचे, कारण बायकांच्या मापाचे अख्ख्या बाजारात नव्हते. पुढे कागदाचे बोळे कोंबून तुम्ही ते माझ्यापुढे ठेवलेत आणि अवघडून दुसरीकडे बघत राहिलात. माझ्या लग्नात मला बऱ्याच वस्तू मिळाल्या, पण इतक्या विचाराने आणलेली एकही नव्हती.

आता त्या विहिरीच्या प्लॉटचं. तुम्हाला ते काम नक्की आठवत असेल. एका व्यापाऱ्याचं दुमजली घर, माझ्या हातचा पहिला पूर्ण नकाशा. पाया खणताना कळलं की प्लॉटच्या मधोमध जुनी विहीर होती आणि ती कधीतरी कचरा-माती टाकून बुजवलेली होती. मालक म्हणाला, वरून सिमेंट ओता आणि पुढे चला. तुम्ही काम सोडलंत. मी तिथेच रडायला लागले, तर तुम्ही माझ्यावर डाफरलात, "साइटवर पाणी फक्त सिमेंटला लागतं. रडायचं असेल तर घरी जा, चाचीजवळ बस." आणि मग जरा वेळाने, गाडीला किक मारताना, "त्या घरात कोणी तरी झोपणार आहे ना? मग मला झोप लागली पाहिजे."

मालकाने दुसरा कंत्राटदार गाठला आणि घर उभं राहिलं. ते आजही उभं आहे, चाचा. भिंतीला तडाही नाही. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा बघतेच. म्हणून मनात कुठेतरी बसलं होतं, की तुम्ही माणूस चांगले, पण धंद्यात जरा जास्तच जपून. पुढे माझी स्वतःची फर्म झाली, धाकटा भाऊ भागीदार झाला, आणि नरडाण्याची जागा समोर आली तेव्हा मी हाच दाखला त्याला दिला. नीट भराव केला की कुठेही घर उभं राहतं, म्हणाले.

जागा म्हणजे लवण, सखल जमीन. औद्योगिक वसाहतीपासून जवळ, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे. पावसाचं पाणी उतरून तिथे साठतं ते होळीपर्यंत हटत नाही. गावातले लोक त्याला डाबर म्हणतात. कडेला पाणकणीस, मध्ये म्हशी, हिवाळ्यात पक्षी. सातबारा खाजगी, पण सरकारी नोंदीत पाणथळ, त्यामुळे भर टाकायची तर परवानगी हवी. मी लोभापायी त्यात पडले असं समजू नका. कारखान्यातली माणसं आजूबाजूच्या गावांत पत्र्याच्या खोल्यांमधून दाटीवाटीने राहतात, एक पाळी उठते आणि दुसरी त्याच अंथरुणावर आडवी होते. कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करणारी एक बाई नवऱ्याला घेऊन आमच्या ऑफिसात आली होती. कागदावरच्या घरात तिने बोट ठेवून विचारलं, "इथे मोरी वेगळी, आणि संडास वेगळा?" हो म्हटल्यावर ती नवऱ्याकडे बघून हसली. त्या हसण्यावर मी वर्षभर कचेऱ्यांचे जिने चढले.

परवानगीच्या सुनावणीला गावातून ट्रॅक्टर भरून माणसं आली. त्यांचे पुढारी एक आबा, पांढरी टोपी, आवाज असा की शिपायाने दार लावूनही बाहेर ऐकू जात होता. "साहेब, ते डाबर बुजी टाकं तं ढोरं कोठे जातीन? आमन्या विहिरी कोठे जातीन?" माझा भाऊ उठून म्हणाला की हे सगळं राजकारण आहे. मी नकाशे दाखवले, गटारं दाखवली, पाणी वळवण्याची सोय दाखवली. मी चांगलं बोलले, चाचा. साहेबांनी मान डोलावली. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने पाण्याचा ग्लास उचलला. निकाल झाला नाही. साहेबांनी सांगितलं, जमिनीच्या मजबुतीचा अहवाल आणा, चाचणीचे खड्डे घ्या, मग बघू.

संक्रांत होऊन गेली होती. पाणी मागे सरकलं होतं आणि कडेच्या गाळावर कोरडी, भेगाळलेली खपली धरली होती. मी स्वतः तिच्यावर चालून पाहिलं. काठीही टोचून पाहिली. मग पोकलेन मशीन आत घालायला सांगितलं. ऑपरेटर शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. आबा आणि गावातले दहावीस जण बांधावर उभे होते, आमच्यावर लक्ष ठेवायला. मधूनमधून शिव्याही येत होत्या.

पहिला खड्डा नीट झाला. दुसऱ्याला मशीन वळलं आणि एका बाजूने खपली फुटली. आवाज फार मोठा नाही, ओलं कापड फाटावं तसा. मशीन कललं, थांबलं, पुन्हा कललं. ऑपरेटरने मशीनचा लांब हात जमिनीत रोवून ते उचलायचा प्रयत्न केला, तर तो हातच आत गेला. केबिनचं दार ज्या बाजूला होतं तीच बाजू गाळात बसली. काचेतून त्याचा चेहरा मला दिसतो आहे, काळा गाळ काचेवर चढतो आहे, आणि मी काठावर उभी राहून त्याला नुसती हातवारे करते आहे. माझा भाऊ धावला आणि मांडीपर्यंत रुतला. त्यालाच दोघांनी मागे खेचलं.

तेव्हा आबा ओरडले, "पऱ्हाट्या आना रे! बठ्ठ्या आना!" कपाशीची वेचणी संपली होती. बांधाबांधावर वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजी रचलेल्या होत्या. वर्षभराचं जळण ते, आणि आबांनी ते सगळं मागितलं. बाया, म्हातारे, जो तो भारे उचलून धावत येत होता आणि गाळावर टाकत होता. भाऱ्यांवर भारे, त्यावर कुणाच्या तरी गोठ्याचं दार, त्यावर एक बाज. वाट आत आत सरकत गेली. मीही भारे वाहिले. काटक्यांनी हात सोलले ते मला घरी गेल्यावर कळलं. एका माणसाने बाजेवर पालथं पडून कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्याने वरची काच फोडली. आधी एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत काळा. मग डोकं. मग दोरीने बांधून, ओढत, तो सगळाच्या सगळा बाजेवर आला.

काठावर आणून बसवल्यावर एका बाईने त्याच्या तोंडावरचा गाळ आपल्या पदराने पुसला. तो खूप खोकला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, घरी सांगू नका." इतकंच. मी त्याच्यासमोर खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाही. मागे मशीन केबिनच्या छपरापर्यंत गेलं होतं आणि त्याच्याभोवती गावाचं वर्षाचं जळण तरंगत होतं. मला फक्त एवढंच कळत होतं की माणूस श्वास घेतो आहे. इतकं हलकं मला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी धुळ्याला जाऊन अर्ज मागे घेतला. भाऊ महिनाभर धुसफुसत होता. तो म्हणे अपघात कुठेही होतात, परवानगी हाताशी आली होती. ते खरंही असेल. खोल पाया घेऊन, दगड भरून, तिथे घरं उभी राहिलीही असती, त्या विहिरीवरच्या घरासारखी. मी त्याच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की मला झोप लागली पाहिजे. हे वाक्य कुणाचं, ते त्याला माहीत नाही.

विकत घेतलेली जागा पडून राहणार, पैसा अडकणार, कँटीनच्या बाईला काय सांगायचं, या विचारात होते तेव्हा एका दुपारी आबाच ऑफिसात आले. खुर्चीवर बसायला तयार नव्हते, मग बसले, मग चहा बशीत ओतून प्याले. म्हणाले, "तुनं मशीन बुडनं, मन्या पऱ्हाट्या बुडन्यात. फिटनं." मी म्हटलं, जळण मी भरून देते. त्यांनी हात झटकला. मग खरं काय ते निघालं. डाबराच्या वरच्या अंगाला त्यांचं बरड आहे, दगडगोट्यांचं, ज्वारीही न धरणारं. आम्ही सुरुवातीला विचारलं होतं तेव्हा त्यांनी हाकलून लावलं होतं. आता म्हणाले, "ते बरड देस मी. पन डाबरले हात लावानं नही. आनि कोपरानं घर मना नातूले." नातू त्याच वसाहतीत कामाला लागला होता आणि सून वेगळ्या घरासाठी मागे लागली होती. आबा हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. मी हसू दाबलं आणि हो म्हटलं.

बरडावर घरं कमी बसतात. ज्यांनी उशिरा नावं दिली होती त्यांना मी स्वतः भेटून नकार कळवला, आणि ते दिवस वाईट होते. एकाने माझ्या तोंडावर दार लावलं. पण कँटीनच्या बाईचं घर पहिल्या ओळीत आहे. आज आखणीला ती आली होती, पाळी संपवून, डोळे तांबारलेले. चुन्याच्या रेघांच्या आत उभी राहून नवऱ्याला दाखवत होती, इथे चूल, इथे मोरी. ऑपरेटरही आला होता, दुसरं मशीन घेऊन. मुरूम कठीण लागतो म्हणून कुरकुर करत होता. मला ती कुरकुर फार आवडली.

एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात गावाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि एका शिक्षकाचं भाषण, की ताईंनी पाणी वाचवलं, पाखरांचा निवारा वाचवला, निसर्गावर असं प्रेम असणारी माणसं आता दुर्मीळ झाली. मी खाली मान घालून शाल घेतली. चाचा, बगळा सोडला तर त्यातल्या एकाही पाखराचं नाव मला येत नाही. मी तेव्हा पाण्याचा विचार केला नव्हता, निसर्गाचा तर नाहीच. मी फक्त घाबरले होते. अर्ज मागे घेऊन घरी आले आणि भर दुपारी, दार उघडं टाकून, गाढ झोपले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. शाल चांगली आहे, उबदार आहे, आणि ती परत करायचा माझा विचार नाही.