सातव्या रकान्यातला जीव

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे जिना चढू देतात का ते आधी कळवा. वहिनींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. मी आणि तुमची बहीण, दोघं मजेत आहोत. (हे पत्राच्या रिवाजाला धरून लिहिलं. पुढे वाचा.)

धातू भयंकर थंड केला की त्यातून वीज कशी धावते, हे मी एकोणीस वर्षं मोजतोय ते तुम्हाला ठाऊकच आहे. आणखी एक वर्ष मिळालं तर काम तडीस जाईल. नेमकं आत्ताच सरकारच्या मनात आलं की यापुढे पैसा जीवशास्त्राला. निर्जीवांचे लाड पुष्कळ झाले. महिनाअखेर माझी प्रयोगशाळा बंद करून तिथे उंदीर ठेवायचं ठरलं. वरच्या मजल्यावरच्या उंदरांना आत्ताच एसी खोली आहे. थंडीचा अभ्यास करणाऱ्या माझ्या खोलीतला पंखा मात्र पट्टीने ढकलल्याशिवाय फिरत नाही. (उंदरांवर माझा राग नाही. ते बिचारे अर्ज करत नाहीत.) उंदीरवाल्या बाईही स्वभावाने चांगल्या. त्यांचं सगळ्यात महागडं यंत्र आमच्याच शास्त्रावर चालतं, हे त्या चारचौघांत कबूल करतात. पण त्यांच्या कबुलीला सरकार विचारतंय कशाला?

शेवटी मीही नव्या योजनेत अर्ज ठोकला. त्यात सातवा रकाना होता: "प्रकल्पात जीव आहे का? असल्यास तपशील द्यावा." एकोणीस वर्षं जिथे घातली त्याबद्दल कुणी असं विचारलं की ऊर भरून येतो हो. मी लिहिलं, "आहे. माझा सगळा जीव त्यातच आहे." खाली तपशील दिला: "वय त्रेपन्न. सकाळी नऊपासून इथेच असतो. खाण्यापिण्याची शुद्ध नसते." वाटलं, कारकुनाचं काळीज द्रवेल. त्याने शांतपणे टाइप केलं: प्रायोगिक प्राणी, संख्या एक, नर. आणि अर्ज चक्क मंजूर झाला!

मग प्राण्यांच्या देखभालीचे निरीक्षक आले. पिंजरा कुठाय म्हणाले. मी म्हटलं, हीच खोली. त्यांनी टेपने खोली मोजली, खिडकी उघडत नाही म्हणून ताशेरे ओढले आणि प्राणी दाखवा म्हणाले. खरं सांगावं तर मंजुरी जाते, खोटं बोलायला जीभ रेटत नाही. मी हात वर केला. त्यांनी चष्म्यावरून मला पाहिलं, मग कागद पाहिला, मग पुन्हा मला. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. कागदाला खोटं पाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वजन विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "पाणी वेळेवर मिळतं का?" दादा, हे मला तिथे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी शेरा मारला: "प्राणी शांत, माणसाळलेला, परंतु दुर्लक्षित." दुसऱ्या दिवशी नवा पंखा लागला आणि खिडकीही उघडली. शास्त्रज्ञ म्हणून एकोणीस वर्षं मागत होतो. जनावर झाल्यावर मागावंही लागलं नाही.

एकूण सगळं ठीक आहे. काळजी नसावी.

तुम्हीच नाव ठेवलेला,
थंडोबा

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. प्राणी निरोगी असल्याचा गुरांच्या डॉक्टरांचा दाखला सोमवारच्या आत लागतो, नाहीतर मंजुरी रद्द. आपल्या नात्यात गुरांचे डॉक्टर तुम्ही एकटेच. लस टोचायची असेल तर टोचा. शेपटीच्या रकान्यात "जन्मतः नाही" लिहिलं की पुढचे प्रश्न मिटतील.

पुन्हा ता. क. सोबतच्या फॉर्मवर "सांभाळ करणारी व्यक्ती" म्हणून तुमच्या बहिणीची सही घेतली आहे. "प्रयोग संपल्यावर प्राण्याचं काय करणार?" हा प्रश्न मी कोरा सोडला होता. आता पाकिटात घालताना पाहतो तर तिथे तिच्या अक्षरात लिहिलंय: "घरी नेणार." नियमाने प्राणी प्रयोगात ठेवायची मुदत तीन वर्षांची मिळते, दादा. दाखल्यावर तुम्ही एकच लिहा.