चाळीस दिवे आणि एक हात

३ मार्च
ती. बाबांस,
सा. न.
मी ऑफिसात नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलंत. आमच्या सिनेमातली माणसं कॉम्प्युटरवर घडतात, तसे दिवेही, एकेका प्रसंगाला चाळीस. दिवेवाल्याने एक दिवा वीतभर सरकवला, की चित्र दिसायला चाळीस मिनिटं. तोवर आपण तो का सरकवला, हेच बिचारा विसरतो! हात हलताच उजेड दिसेल असं यंत्र मी बनवते, असं दोन वर्षांपूर्वी छातीठोकपणे सांगून बसले. त्या यंत्रालाही आज तीन मिनिटं लागतात. दिग्दर्शिकाबाईंनी निक्षून सांगितलंय, पंधरा तारखेला दाखव, नाहीतर गाशा गुंडाळ. माझे तिघे सोबतीही मग चार दिशांना जातील. बाबा, मला भीती वाटतेय.
तब्येत सांभाळा. माझ्यावर माया आहेच, सध्या जरा जास्त लागेल.
तुमची ठकी

७ मार्च
चि. ठकीस,
अ. उ. आ.
घाबरतेस काय वेडे? हट्टाने मला रडवणारी तू! नाटकांचे दिवे लावण्यात माझी हयात गेली, तुझं यंत्र काही मला कळत नाही. पण सगळा रंगमंच अंधारा करून मी एकेक दिवा एकटाच लावून बघायचो आणि त्याचा उजेड वहीत टिपायचो. मग बदल आला तर तेवढ्याच दिव्याला हात. तुझं यंत्र एका दिव्यापायी चाळीसही दिवे पुन्हा मोजत बसतं की काय? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?
आई म्हणते, वेळेवर जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात असू दे.
तुझा बाबा

१५ मार्च
ती. बाबांस,
सा. न.
जिंकलो! यंत्र खरंच सगळे दिवे मोजत होतं आणि आम्ही शहाणे ते दोन वर्षं बघत होतो. आता प्रत्येक दिव्याचं चित्र वेगळं करून ठेवतो आणि शेवटी सगळी एकत्र मिसळतो. हलला तेवढाच दिवा नव्याने मोजायचा.
बाईंनी माऊस स्वतःच घेतला. हात डावीकडे गेला आणि चित्रातल्या म्हातारीच्या गालावरची सावली हाताबरोबर सरकली. खोलीत टाळ्याच टाळ्या. याला खेळणं म्हणून हिणवणारे आमचे दिवेप्रमुख माऊससाठी तासभर ताटकळले, बाई सोडायलाच तयार नाहीत! अख्खा सिनेमा आता यावरच उजळणार आणि आम्ही चौघं एकत्रच राहणार.
चित्राची वाट बघत दिवेवाले ज्यावर पेंगायचे तो सोफा बाईंनी आजच बाहेर काढायला लावला. उचलायला सगळ्यात पुढे दिवेवालेच होते.
माया अशीच असू द्या आणि कौतुक मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं करा.
तुमचीच ठकी