आमची चूल कधी विझत नाही

भिवंडी, ता. १२ फेब्रुवारी १९७६

तीर्थस्वरूप ठकुआक्काच्या पायांवर धाकट्या रंगूचं डोकं. (गुडघ्यांमुळे ते इतकं खाली आता फक्त पत्रातच जातं.) तुझा दमा कसा आहे? डॉक्टरने दिलेलं औषध घेतेस की शेजारणीने सांगितलेलं? इथे सगळे खाऊनपिऊन आहेत, मी धरून.

पत्राला कारण, विम्याच्या कचेरीतला एक माणूस. आपल्या मागांच्या शेडला आगीचा विमा आहे. गेल्या साली हप्ता एकशे ऐंशी होता, यंदा कागद आला चारशे दहाचा. का, ते कुठेच नाही. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर विमा बंद. अगं, कांदेवालीसुद्धा भाव वाढवताना नाशकात पाऊस झाला एवढी थाप तरी मारते. आणि विमा सोडवतही नाही. मागच्या गल्लीतली शेड जळली तेव्हा मालक सकाळी राखेतून खिळे वेचत होता, मी पाहिलाय.

मी कचेरी गाठली. मोठा साहेब म्हणाला, आजी, वरून वाढलंय. मी विचारलं, वरून म्हणजे माळ्यावरून काय? तो पंख्याकडे बघत बसला. मग मी बाकड्यावर बसून पिशवीतला सुका जवळा निवडायला घेतला. दुसऱ्या दिवशीही नेला. (शिपाई वासावरून कुरकुरला. म्हटलं, कारण सांगा, वास घेऊन जाते.) तिसऱ्या दिवशी केसरीनाथ म्हणून अंजूरचा कारकून आहे, तो फाइल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि इंग्रजीतली एकेक ओळ मराठीत सांगू लागला.

"विम्याच्या पाहणीला आलेल्या माणसाला तुम्ही सांगितलंत तेच लिवलंय, आजी."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पाहणी झाली त्या महिन्यात तुमच्या खारबावचे चांगदेव आपल्या मुलीसाठी माझ्या नातवाचं, रघूचं घर बघायला माणूस पाठवणार होते. अशात एक इस्त्रीची पँट दारात आली. त्याने नाव सांगायच्या आत मी त्याला पाटावर बसवला. माग किती, पाळ्या किती, माळ्यावर काय, स्वयंपाक कुठे, असं विचारू लागला. मुलीकडचे दुसरं काय विचारतात? मग नातवाच्या आजीने सांगावं तसं मी सांगितलं. मधलं दार उघडून शेजारच्या नवशाचे चार माग आपल्यात मोजले, झाले आठ. दिवसरात्र चालतात म्हटलं. माळा सुताने छपरापर्यंत भरलाय. आणि आमची चूल, म्हटलं, कधी विझत नाही. त्याने रघूला विचारलं, बिडी ओढतोस का? रघू म्हणाला, कधीमधी. (त्या दिवशी घरात बोललेलं तेवढंच खरं, आणि मी त्याचा पाय चेंगरला.) पाहुणा बोंबील-भात जेवला, पत्रिकेचं नावही न काढता गेला. मला वाटलं, काय घरंदाज माणूस.

केसरीनाथने हे सगळं वाचलं आणि हसला नाही. मिशी हलली, पण हसला नाही. मी कुणाला चांगलं म्हणत नाही हे तू जाणतेस, घरधन्याला तिरडीवरसुद्धा म्हटलं नाही. पण हा स्वतः शेडमध्ये आला, वाकून मोजणी केली. माग चार, त्यातला एक बंद, पाळी एकच, माळ्यावर रिकाम्या कांड्या आणि मांजर. मग कचेरीतून नवा कागद आला एकशे नव्वदचा, सोबत हप्ता का चढला नि का उतरला हे त्याने हाताने मराठीत लिहिलेलं. वरचे दहा कशाचे तेही लिहिलंय, रघूच्या बिडीचे. मी म्हटलं, असा कागद सगळ्यांनाच द्या की. म्हणाला, तसा नियम न्हाय, आजी. म्हटलं, नियम येईस्तोवर तुझा हात तर हाय. त्याने खरंच आणखी तिघांना लिहून दिला म्हणे. सरकारी खुर्चीत असलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

तुझी,
रंगू

ता. क. – चांगदेवांची माणसं रविवारी खरोखर येताहेत. त्यांच्या कानावर आठ मागांचीच बातमी आहे, मीच पोचवलेली. तू तिकडे तोंड उघडू नकोस.

आणखी ता. क. – आता डिंक लावताना आठवलं, तुला वाचता येत नाही आणि तुझी सगळी पत्रं चांगदेवच वाचून दाखवतात. दुसरं आंतर्देशीय घ्यायला पैसे काही झाडाला लागलेले नाहीत. तर चांगदेवराव, नमस्कार. माग चार आहेत, एक बंद. पोरगा बिडी ओढतो, पण विचारलं तर खरं सांगतो. ठरवायचं ते ठरवा. मात्र नकार असेल तर का, ते लिहून पाठवा, मराठीत.