पाहुण्यांसाठी पेटवलेली चूल

माय,

परवा साखरखेर्ड्याच्या पुढच्या एका गावात एका बाईनं मला तिची बिनधुराची चूल दाखवली. तुझी मातीची होती, सिमेंटचं धुराडं छपरातून बाहेर काढलेली. हिची पत्र्याची, चकचकीत. पण हळदीकुंकवाची बोटं तशीच ओढलेली, शेजारी तशीच रांगोळी, आणि दाखवणारीचा तोराही तोच. मी दारात चप्पल काढत होते तेव्हापासूनच मला तू दिसायला लागलीस, पदर खोचून उभी.

मी काय काम करते ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी नोकरीला नुकतीच लागले होते. तू शेजारणींना सांगायचीस, "पोरगी तपासनी करते," आणि त्यांना वाटायचं मी रेशनच्या दुकानातली वजनं तपासते. फार चूक नव्हतं ते. परदेशातल्या संस्था आपल्या गावांसाठी प्रकल्प आखतात. चुली, पाणी, शाळा, काय वाट्टेल ते. आधी आराखडा होतो, मग दर काही महिन्यांनी देखरेख, आणि शेवटी मूल्यमापन. मी त्या शेवटच्या टप्प्यावर पोचते, वरातीमागून घोडं यावं तशी. या वेळी मात्र वरात पुढच्या गावी निघायच्या तयारीत आहे. हीच चूल आणखी कितीतरी गावांत बसवायची की नाही, ते माझ्या अहवालावर ठरणार आहे.

तुला ती सकाळ आठवते का? डोणगावच्या बाजारातून तू साखर जास्तीची आणली होतीस. कपबश्या मास्तरांच्या घरून मागवल्या होत्या. सायकलवरून घरोघर फिरून चुली बसवून देणारी ती प्रकल्पाची ताई आदल्या दिवशी येऊन सांगून गेली होती की बाहेर देशाच्या बाई तपासायला येणार आहेत. तू स्वयंपाकघर सारवलंस आणि कित्येक महिन्यांनी ती चूल पेटवलीस. बाई आल्या, पिकल्या केसांच्या, हसऱ्या. पाटावर बसताना त्यांचे गुडघे वाजले आणि मला हसू फुटलं, तर तू डोळे वटारलेस. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं, रोज याच चुलीवर स्वयंपाक करता का? तू चहा ओतत म्हणालीस, "हाव, रोजच. लई चांगली हाय. डोये बी नाई चुरचुरत."

जीप वळणाआड गेली आणि तू तवा उचलून मागच्या छपरात जुन्या चुलीपाशी गेलीस. कारण त्या नव्या चुलीवर भाकर होत नव्हती. भोक लहान, तवा नीट बसायचा नाही, आणि भाकर फुगवायला विस्तव पुढे ओढावा तर तोंडाशी तेवढी जागाच नाही. पऱ्हाट्या तर आत जायच्याच नाहीत. वाळलेल्या कपाशीच्या त्या लांब काड्या कोण मोडत बसणार? मी तुझ्या मागे मागे आले आणि विचारलं, "माय, काऊन खोटं बोलली?" तू धुरात डोळे पुसत माझ्यावर खेकसलीस, "खोटं काय त्याच्यात? पाहुन्याले कोनी घरचं रडगानं सांगते का? एवढ्या लांबून आल्या त्या बाई. अन् काई म्हटलं असतं तं त्या ताईच्या मांगं लागले असते सारे." मग थांबून म्हणालीस, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आपल्या गावातल्या सगळ्याच बायका तसं बोलल्या असणार. प्रकल्प यशस्वी ठरला, काम पूर्ण झालं म्हणून ती मंडळी निघून गेली, आणि चूल कुठं अडते हे विचारायला पुन्हा कुणी आलं नाही. पुढं त्या चुलीच्या पोटात आपली कोंबडी अंडी घालायची. तू म्हणायचीस, एका जीवाच्या तरी कामी आली. आणि तू धुरातच बसत राहिलीस. शेवटी शेवटी डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो उजेडात धरून विचारलं, आजी बिडी ओढत होत्या का? तुला इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आवरेना. मला हसू आलं नाही. मला त्या गोऱ्या बाईंचा राग आला, आणि खरं सांगते, तुझाही आला. एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला? हा राग मी बरीच वर्षं सांभाळला.

तर परवाचं सांगते. ती बाई माझ्याहून बरीच लहान, कडेवर लेकरू. गॅसचं सिलिंडर कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं, चहापुरतं वापरायचं. दारात प्रकल्पाची कार्यकर्ती उभी, त्याच गावची मुलगी, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. रोज वापरता का? "हो मॅडम, रोजच. लई चांगली हाय." माय, शब्दसुद्धा तेच. आणि तिच्या साडीला धुराचा वास येत होता, तुझ्या लुगड्याला यायचा तसा.

मी पेन पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "भूक लागली हो. एक भाकर टाकता का?"

कार्यकर्ती घाईनं म्हणाली, "मॅडम, गाडीत डबा हाय ना तुमचा." पण पाहुणीनं तोंडानं मागितल्यावर नाही कसं म्हणणार? बाईनं लेकरू माझ्या मांडीवर दिलं आणि पीठ मळलं. पत्र्याच्या चुलीत पऱ्हाट्या मोडून मोडून घातल्या, तवा ठेवला, भाकर टाकली. मधे डाग पडले, कडा कच्च्याच. तिनं एकदा कार्यकर्तीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि तवा उचलला. "इथं नाई होत, मॅडम. मांगं चाला."

मागच्या छपरात आम्ही तिघी धुरात बसलो. ती खोकत खोकत भाकर थापत होती, लेकरू डोळे चोळत होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लिहू नका मॅडम. या पोरीचं काम जाईन. लई जीव लावून करते थे." ती पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. म्हणाली, "मले सारं माईत हाय. पन वरून इतकंच इचारतात, चुली किती बसवल्या. भाकर होते का, हे कोनीच इचारत नाई." मी दोघींना सांगितलं की लिहिणार तर आहेच, पण तुमच्यासाठी लिहीन. त्यांना ते कितपत पटलं, ठाऊक नाही.

अहवालात मी लिहिलं आहे की ही चूल आहे तशी दुसऱ्या कुठल्याही गावात नेऊ नये. तोंड रुंद करा, पऱ्हाट्या जातील असं करा, आणि पुढचा आराखडा आखण्याआधी बायकांना तिच्यावर भाकरी भाजायला सांगा, त्यांच्या घरात, त्यांच्या पिठाच्या. आणि त्या मुलीला कामावर ठेवा, कारण दारं तिच्यासाठी उघडतात. ऐकतील का, माहीत नाही. सगळा प्रकल्पच गुंडाळून टाकतील, अशी भीतीही वाटते. तसं झालं तर त्या पोरीचं काम माझ्यामुळं जाईल, आणि ती बाई धुरातच राहील. काल रात्री मला त्याच विचारानं झोप लागली नाही.

पण तुझ्यावरचा राग गेला, हे तुला सांगायचं होतं. तू आलेल्या पाहुणीचा मान राखलास, दुसऱ्याच्या पोरीची भाकरी राखलीस. तुला कुणी भाकर मागितलीच नाही, माय. मागितली असती तर तूही तवा उचलून म्हणाली असतीस, मांगं चाला.

अहवाल उद्या जाईल. हे पत्र त्याच्याच शेजारी लॅपटॉपमध्ये पडून राहील. तुझ्या पत्त्यावर काही पोचवायची सोय आमच्या कुठल्याही प्रकल्पात नाही.

एक मात्र अहवालात लिहिलेलं नाही. त्या बाईची भाकर गडबडीत एका बाजूनं करपली होती आणि सोबत केलेल्या बेसनात, म्हणजे पिठल्यात, मीठ घालायचं ती विसरली होती. मी खाताना ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "कशी झाली, मॅडम?"

मी म्हणाले, "लई चांगली झाली." आणि आणखी अर्धी मागून घेतली.