सुतकातला टीव्ही

२ फेब्रुवारी, सोम.
शबानाशी शिफ्ट बदलून घेतली. सध्या फर्स्ट शिफ्ट मला, रोजे लागले की तिला. सुपरवायझरनं विचारलं, "घरी कार्य आहे का?" म्हटलं, हो. खोटं कुठं आहे?

शुक्रवारपासून हिवाळी ऑलिंपिक. चार वर्षांपूर्वी पाय मोडला तेव्हा इनामगावला माहेरी पडून होते. पायाला प्लॅस्टर, समोर भावाचा टीव्ही. लग्न झाल्यापासून कुणी "ऊठ" म्हणालं नाही असे तेवढेच दिवस. तेव्हा बघितला तो बर्फ. आता पाय बरा आहे, म्हणजे कुणी पडू देणार नाही. पण हा टीव्ही माझ्या कंपनीच्या बोनसचा आहे. दुपारी घरी आले की संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत तो माझा. सांगून टाकलंय.

थोरले दीर पेपराआडून म्हणाले, "बर्फ बघायचाय तर फ्रीज उघड की." सगळे हसले. हे पण हसले. ह्यांचं हसणं लिहून ठेवते.

७ फेब्रु., शनि.
बघितलं!! तो दगडाचा खेळ, कर्लिंग. जात्याएवढा दगड बर्फावरून सोडायचा, तो रंगीत गोलात मधोमध थांबला पाहिजे. पुढं झाडू घेऊन झाडत पळायचं, म्हणजे दगड लांब जातो. नियम मला अर्धेच कळतात. आज जोडीजोडीचं होतं. बाईनं दगड सोडला, बाप्या झाडत पळाला, आणि बाई मागून त्याच्यावर जीव खाऊन ओरडतेय.

जाऊबाई पीठ मळता मळता आल्या. "आगं बया! बाप्या झाडतोय!" बसल्याच. हाताला पीठ तसंच.

थोरल्यांना ते दिसलं. चॅनल बदललं. जाऊबाई निमूट उठल्या. मी नाही उठले. बातम्या संपेपर्यंत बसून राहिले आणि परत लावलं. चौघीचौघींचा, नुसत्या बायकांचा खेळ गुरुवारपासून. फायनल २२ला, रविवार, माझी सुट्टी.

११ फेब्रु., बुध.
भरततात्या गेले. बांधापलीकडचे, आमच्याच भावकीतले. मॅच बघता बघता खुर्चीतच.

कंपनीतून आले तर टीव्हीवर जाऊबाईंचं जुनं लुगडं. वायर काढलेली. रिमोट थोरल्यांच्या बंडीच्या खिशात.

"सुतक हाय. तेराव्यापर्यंत टीव्ही बंद."

तेरावा २३ला.

१२ फेब्रु.
राग जात नाही म्हणून लिहिते. सुतक कसलं? पंधरा वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं, तेव्हा मारुतीच्या पारावर नारळ फोडून कोण म्हणालं होतं, "आजपासून तुमचं-आमचं सुतक तुटलं. तुमच्यात कुणी मेलं तर आम्ही आंघोळ करणार न्हाई"? हेच थोरले. तात्यांची आई गेली तेव्हा बांधाकडची खिडकी उघडून टीव्ही मोठ्यानं लावला. रडणाऱ्यांना ऐकू जावा म्हणून. जाऊबाईंना भजी तळायला लावली.

मग आता काय झालं? गावच्या विकास सोसायटीची निवडणूक आली, थोरल्यांना उभं राहायचंय. भावकीची मतं तात्यांच्या संतोषच्या हातात. अडला हरी. म्हण पुरी लिहीत नाही, त्यात संतोषला गाढव म्हणावं लागेल आणि पोरगा तसा नाही.

आज बायकांचा खेळ सुरू झाला असेल. लुगड्याकडं बघत भाकरी खाल्ली.

१४ फेब्रु.
काल थोरल्यांचा हुकूम, "दोघी बी बसायला जावा." पंधरा वर्षांत पहिल्यांदा बांध ओलांडला. सुलाकाकू, तात्यांची बायको, भिंतीला टेकून. नवी सून होते तेव्हा कालव्याच्या रस्त्यावर मला सायकल शिकवली ती काकूंनी. कॅरिअर धरून मागं पळायच्या. त्या सायकलीच्या जिवावर मी नोकरीला लागले. मग नारळ फुटला आणि बोलायची बंदी. पाणवठ्यावर समोर आल्या तरी खाली बघायचं.

काकू एवढंच म्हणाल्या, "आलीस व्हय."

थोरल्यांचा इतका संताप आला की रडू पण आलं नाही.

१५ फेब्रु., रवि.
दौंडला शबानाकडं गेले. तिच्या सासूनं शेवया केल्या, गोड, सुतकात खाल्ल्या. पोटभर बघितलं. शबाना म्हणाली, "हे तर आपण रोज करतो गं, पदक कुठंय?" हसून हसून ठसका लागला.

घरी आल्यावर थोरले:
"कुठं गेलतीस?"
"टीव्ही बघायला."
"सुतकात? लोकं शेण घालतील माझ्या तोंडात!"
हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. फेब्रुवारीत एवढं काय वाचायचं असतं कुणास ठाऊक.

थोरल्यांच्या कानाला संध्याकाळी इअरफोन होता. मोबाईलवर क्रिकेट. ते सुतकात चालतं.

१७ फेब्रु.
बोलले. बोलायला नको होतं असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

आमच्या ओसरीवर दहाव्याचं ठरवायला भावकी बसली होती. संतोषही. मी चहा घेऊन गेले. थोरले सगळ्यांना ऐकवत होते, "तात्या म्हंजी माझा पाठचा भाऊ. घरात टीव्ही सुदीक लावू दिला न्हाई मी."

म्हटलं, "आप्पा, सुतक तर तुम्हीच तोडलं होतं ना? नारळ फोडून? तात्यांची आई गेली तवा आपल्याकडं भजी होती. टीव्ही तर पार संतोषच्या अंगणात ऐकू जात होता."

संतोषनं कप खाली ठेवला, भरलेला. म्हणाला, "आज्जी गेली तवा मी बारा वर्षांचा हुतो. ऐकलाय मी त्यो टीव्ही." आणि चपला घालून गेला. त्याच्यामागं एकेक करत बाकीचे.

१८ फेब्रु.
कुणी बोलत नाही. ताट झाकून ठेवलेलं असतं. हे म्हणाले, "टीव्हीपायी घर मोडलंस." मी म्हटलं, टीव्हीपायी नाही. पुढचं ऐकायला थांबले नाहीत.

२० फेब्रु.
दहावा. सगळे नदीवर गेले, मला नेलं नाही. संतोष सोसायटीला स्वतः उभा राहतोय अशी बातमी परत आली. थोरले जेवले नाहीत. मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

२१ फेब्रु., शनि.
संतोषची बायको बांधावर येऊन हाक मारून गेली. काकूंचा निरोप: "उद्या दुपारी ये. तुझा त्यो दगडाचा खेळ हाय म्हणं. आमचा टीव्ही झाकलेला न्हाई. माझ्या माणसाचं सुतक कसं धरायचं ते माझं मी बघीन."

ओसरीवरून थोरल्यांनी ऐकलं. तासाभरानं लुगडं काढलेलं. वायर लावलेली. रिमोट माझ्या पोळपाटावर.

"हितंच बघ. उद्या अख्खा दिवस तुझा. कुणी मधी येणार न्हाई." आणि वर, "तिकडं मातूर पाय टाकायचा न्हाई. टाकलास तर परत ह्या उंबऱ्यात यायचं न्हाई."

ह्यांच्याकडं बघितलं. कॅलेंडर.

मला पाहिजे होतं ते सगळं दिलंय. माझाच टीव्ही मलाच.

२२ फेब्रु., रवि.
दुपार. स्वयंपाक जाऊबाईंनी केला, मला हात लावू दिला नाही. थोरल्यांनी स्वतः चॅनल लावून दिलं. खुर्ची पण मांडली, मधोमध. सगळं घर माझ्यामागं बसलंय, मी बघते का ते बघायला.

सुरू झालं. पहिला दगड सुटला, दोघी झाडत पळतायत, मागची ओरडतेय. पण तिचा आवाज दोन ठिकाणांहून येतोय. टीव्हीतून, आणि बांधाकडच्या खिडकीतून.

काकूंनी त्यांचा टीव्ही मोठ्यानं लावलाय. एवढा मोठ्यानं की आमच्या घरात ऐकू यावा.

थोरल्यांनी उठून खिडकी लावली. तरी येतोय.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तुझी चप्पल मागल्या दाराला ठिवलीया." थोरल्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

"बस की," थोरले म्हणतायत. "काय लिहीत बसलीस उभ्या उभ्या?"

मी अजून उभीच आहे.