चौथा ठोका

काकू,
आज सोलापूरच्या डॉक्टरकडं जाऊ नका. दुपारी खाली चटईवर पडल्यावर तुम्हाला जी धडधड होते, ती माझ्या बेस गिटारची आहे. अभ्यासाच्या नावाखाली मी वरच्या खोलीत डिस्कोचे ठेके शिकतोय. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून स्पीकर गोधडीत गुंडाळून फरशीवर पालथा ठेवला होता; आवाज दबला, पण हादरे भिंतीतून खाली तुमच्या चटईपर्यंत उतरले.

काल मी तुम्हाला दवाखान्यात नेलं, तिथं तुम्ही टेबलावर बोटं आपटून दाखवलं, की चौथ्या ठोक्याला अडखळतंय. तिथंच माझं बोट चुकतं. तरी मी गप्प बसलो, आणि घरी येऊन तुम्ही बिनमिठाचं जेवलात. लई लाज वाटते.

आज मी वाजवणार न्हाय. तरीही दुपारी धडधडलं, तर लगेच फोन करा. मीच सोलापूरला नेतो.

उत्कर्ष