कांड्या भरणाऱ्या काकूची गाणी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की राग एव्हाना विझायला हवा होता. मेलेल्या माणसावर कोण रागावतं? मी रागावते. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची आपल्या घरात कोणाची छाती नव्हती, आईचीसुद्धा नाही. म्हणून हे आज, या वयात लिहायला बसलेय.

आपण ज्याला खातं म्हणायचो त्या लूमच्या कारखान्यात तुम्ही मुकादम झालात, त्याच साली सुरतेत उधन्याच्या आपल्या खोलीत रेडिओ आला. पोरगी चौथी पास झाली म्हणून आणला, असं तुम्ही अख्ख्या चाळीला सांगितलंत. फळीवर रेडिओ, त्यावर आईनं विणलेला रुमाल. संध्याकाळी मुंबईचं स्टेशन खरखरत लागायचं. तुम्ही माझी बोटं धरून बटण हळूहळू फिरवायचात आणि मराठी गाणं सापडलं की म्हणायचात, "ऐक, याला गाणं म्हणतात. शब्द कसे धुतल्यासारखे स्वच्छ." आईच्या तोंडून अहिराणी निघाली की मात्र तुमच्या कपाळावर आठ्या. शाळेत मराठी चालेल, शेजाऱ्यांशी गुजराती चालेल, पण अहिराणी म्हणजे आपण खान्देशात, गावाकडे टाकून आलेली फाटकी गोधडी! मी खरं मानलं. तुमचं सगळंच खरं मानायचे मी तेव्हा.

मग ती दुपार. मी बारा वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन खात्यात आले आहे. तुम्ही शेठकडे गेलात म्हणून दारातच उभी आहे. मागांचा एवढा खडखडाट की शेजारच्याशी बोलायला खुणा कराव्या लागतात. आणि एकदम लाइट जाते. सगळे माग एका झटक्यात गप्प होतात, आणि त्या शांततेत एक बाईचा आवाज तसाच पुढे गात राहतो. तिनं गाणं तेव्हा सुरू केलं नव्हतं, आबा. ती सकाळपासून गातच होती, खडखडाटाच्या खाली, कोणाला ऐकू न येता. कोपऱ्यात धोट्याच्या कांड्यांवर सूत भरायला बसलेली आपल्याच चाळीतली काकू, नवरा वारलेली, दोन पोरांची आई. सगळे आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर तिनं पदर तोंडाशी धरला आणि हसली. पण मी ऐकलं होतं. मागाचा ठेका होता त्या गाण्याला, धोटा पलीकडे जाऊन परत येतो तेवढी जागा मध्ये सोडलेली. आणि शब्द आपल्या खात्याचे, तुटलेल्या धाग्याचे, कापसाच्या धुळीनं येणाऱ्या खोकल्याचे. रेडिओवर मी असलं काही कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर दर सुटीच्या दिवशी मी तिच्याकडे जायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती गहू निवडता निवडता गायची, मी वहीत उतरवायची. "अहिराणी बी कोनी लिखस का वं?" म्हणायची आणि हसत सुटायची. पण एखादा शब्द मी चुकीचा वाचून दाखवला की हसणं बंद. "असं नही. परत लिख." अकरा गाणी झाली. अकरावं तुमच्यावर होतं.

ते मी घरी भांडी घासताना म्हटलं.

शेठ उना का मान खाले,
शेठ गया का डोया लाल,
मुकादम भाऊ, तू बी खान्देशना,
कोनी कया तुना असा हाल?

तुम्ही दाढी करत होतात. वस्तरा थांबला. "कोणाचं हे?" मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं, "काकूचं. तिनं स्वतः रचलंय, आबा." तुम्ही उरलेली दाढी पूर्ण केलीत, तोंड पुसलंत, माझ्या दप्तरातून वही काढलीत आणि पाणी तापत होतं त्या बंबात घातलीत. "रेडिओवर लागतं ते गाणं. ही नुसती बाईची जीभ आहे." मी रडले तर म्हणालात, "मुकादमाची पोरगी आहेस, तशी राहा."

दोन दिवसांत काकूचं काम गेलं. खोलीही खात्याचीच, तीही गेली. तिनं काय चोरलं होतं? कोणाला शिवी दिली होती? चार ओळी नीट ऐकल्या असत्यात तर कळलं असतं, ती तुमची टिंगल करत नव्हती. ती तुम्हाला भाऊ म्हणत होती. शेठ आला की तुमची मान खाली जाते, तो गेला की आमच्यावर डोळे लाल होतात, भावा, तुझे असे हाल कोणी केले, असं विचारत होती. अख्ख्या सुरतेत तुम्हाला हे विचारणारं दुसरं कोण होतं? शेठ? मी? आई?

जायच्या दिवशी ती दारात आली. बोचकं डोक्यावर, दोन्ही पोरं लुगड्याला धरून. मला वाटलं शिव्या देईल. तिनं मला विचारलं, "तुना बापले चाल तरी आवडनी का वं?" आणि तुम्ही आतून रेडिओ मोठा केलात. माझं उत्तर तिला ऐकू गेलं नाही. मी काय उत्तर दिलं ते माझं मलाही आठवत नाही. त्या खरखरीत ती जिना उतरून गेली एवढंच आठवतं.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी सुरतेतच डिंडोलीला एका हळदीला गेले होते. तिथं बाया काकूचं धाग्याचं गाणं म्हणत होत्या. तोच ठेका, धोट्याची तीच जागा. मी उठून विचारत सुटले, हे कोणी शिकवलं, कुठे आहे ती? एक म्हातारी म्हणाली, "कोनी शिकाडं? जुनं शे ते. आपलंच शे." जुनं! मी स्वतःच्या हातानं लिहून घेतलेलं गाणं, दहा वर्षांचंसुद्धा नव्हतं. गाणं तुमच्या हातून निसटलं, आबा, तुमच्या बंबाला पुरून उरलं. पण रचणारीचं नाव तुम्ही जाळलंत. त्या हळदीत ते मी सांगितलं तर बाया म्हणाल्या, असेल बाई, आणि पुढचं गाणं धरलं. ती कुठे गेली, पोरांचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. तुम्हाला शेवटच्या आजारपणात विचारायचं ठरवून आले होते. तुम्ही म्हणालात, जरा रेडिओ लाव. मी लावला.

अकरांतली चार गाणी मला आठवतात. बाकी गेली. हे पत्र कुठल्याही पेटीत पडायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. नातीला मी त्यातली तीन शिकवली आहेत. आणखी एक होतं असं एकदा बोलून गेले, तेव्हापासून चौथं कुठलं, म्हणून ती मागे लागते. मी सांगते, विसरले. तुमच्यावरचंच ते, शब्द न् शब्द पाठ आहे, आबा. तुम्ही तिचे पणजोबा आहात, म्हणून म्हणत नाही.